न गेलेली लाईन

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी माझं नावही ऐकलं नसेल, आणि खरं सांगू? मला त्याचं वाईट वाटत नाही, बरंच वाटतं. ज्यांना मी माहीत आहे, त्यांना माझी किरकिर आठवते. पण रत्नागिरीतल्या एका घराला माझ्या नावाने आणखी एक गोष्ट आठवते. ती आठवली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. पत्त्यांचे दोन कॅट शेजारी ठेवावेत एवढा माझा आकार. पुढे लाल दिव्यांची ओळ आणि पाठीला टेलिफोनच्या वायरीसाठी एक खाच. कॉम्प्युटरचं म्हणणं आवाजात बदलायचं, ते टेलिफोनच्या तारेतून पाठवायचं आणि पलीकडून आलेलं पुन्हा कॉम्प्युटरला सांगायचं, हे माझं काम. त्या काळी मी नसलो तर इंटरनेट नाही. जोडणी करताना मी असा काही ओरडायचो की सुमेधाताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मांजराच्या शेपटीवर पाय दिलात की काय?"

सुमेधाताई म्हणजे देवदत्त सरांच्या पत्नी. सर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. २००१ साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो मुलीच्या अभ्यासासाठी, निदान ताईंना तरी तसं सांगितलं होतं. मुलगी मनस्विनी, घरातली मनू, तेव्हा आठवीत होती. अभ्यास आपल्या जागी राहिला आणि सरांचा बालमित्र भास्कर याने खेडहून एसटीच्या कंडक्टरबरोबर एक सीडी पाठवली. भास्करकाकांचं खेडला औषधांचं दुकान होतं. त्या सीडीत रणगाड्यांच्या लढाईचा खेळ होता.

रविवारी सकाळी पोहे झाले की सर माझ्यासमोर येऊन बसत. मी किंचाळून जोडणी करून देई. तिकडे खेडला भास्करकाका, आणि समोर कधी चिपळूणची, कधी मुंबईला गेलेल्या कोकणातल्या मंडळींची जोडी. दोन विरुद्ध दोन. सुरुवातीला भास्करकाका कोकणात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायचे, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं रणात उतरतायत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" मग चौघेही लिहायचे, "व्हय म्हाराजा!" तो गजर मी तारेतून इकडचा तिकडे नेत असे. त्या वेळी माझी छाती फुगायची, नाही म्हणत नाही.

सर खेळायचेही उत्तम. भूगोलाचा माणूस, जमीन वाचता यायची. शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या मनूला ते शिकवत.

"मनू, सड्याच्या उघड्या माथ्यावर कधी उभं राहायचं नाही गो. मागे आभाळ असलं की आपण लांबून दिसतो. दगडांचा गडगा शोधायचा. गाडी गडग्याआड, तोफ तेवढी वर."

"आणि मारल्यावर?"

"मारलं की जागा सोडायची. तिथूनच दुसऱ्यांदा मारायला गेला तो मेला म्हणून समज."

"म्हणजे वळून पळायचं?"

"वळायचं नाही! मागचा पत्रा पातळ असतो. तोंड शत्रूकडे, तेही जरा तिरकं, आणि रिव्हर्समध्ये यायचं. तिरक्या पत्र्यावरून गोळा घसरतो."

असं बरंच काही. इंजिन बंद करून कान द्यायचा, म्हणजे शत्रू कुठून येतोय ते कळतं. आधी त्याचा पट्टा तोडायचा, म्हणजे तो जागचा हलत नाही. पण सरांचा आवडता डाव होता रापणीचा. भाट्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंनी माणसं ओढतात आणि मासळी मधे सापडते. तसं भास्करकाकांनी उघड्यावर दिसेल असं थांबायचं. शत्रू त्यांच्यावर धावून आला की सरांनी पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, लपत जाऊन त्याच्या कुशीत गोळा घालायचा.

"यात एकच धोका," सर मनूला म्हणाले होते. "दोन्ही टोकं धरलेली हवीत. एकाने सोडलं तर दुसरा दोरासकट पाण्यात."

हे त्यांनी इतकं छान सांगितलं होतं की मनूने ते पाठच करून टाकलं.

आणि ते टोक सर स्वतःच सोडायचे, मित्रांनो.

पहिल्यांदा घडलं तेव्हा मला कळलंच नाही. सरांच्या रणगाड्याचा पट्टा तुटला होता. शत्रूची तोफ सावकाश त्यांच्याकडे वळत होती. आता गोळा बसणार, एवढ्यात सरांचा हात माझ्या पाठीमागे आला आणि टक् करून वायर निघाली. माझे दिवे विझले. त्या खेळाचा नियम असा होता की ज्याची जोडणी तुटली त्याच्या नावावर हार लागत नसे. हार लागायची ती मागे एकट्या उरलेल्या जोडीदाराला.

थोड्या वेळाने फोन वाजला. सरांनी वायर केव्हाच फोनला जोडली होती. घंटा पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"भास्कर, लाईन गेली रे. हा मोडेमच फालतू निघाला."

तिकडून भास्करकाका म्हणाले असावेत, की असू दे, पुढच्या रविवारी बघू. सर हसले. मी काय बोलणार? मला ओरडता येतं, पण ते वायर लावलेली असली तरच.

मग ती सवयच झाली. जिंकत असले की मी झकास, हरायला लागले की मी फालतू. मला माणसासारखं तोंड नाही ते एका अर्थी बरं, नाहीतर दाखवायला जागा उरली नसती. सगळ्यात जास्त लाज मला मनूमुळे वाटायची. ती पोर सगळं खरं मानायची. "बिचाऱ्याला दमट हवा मानवत नाही," असं म्हणून ती माझी खाच कापसाने पुसायची. पावसाळ्यात तिने मला प्लास्टिकची पिशवी घातली, वारा लागावा म्हणून तिला भोकंही पाडली. धडधाकट असून आजाऱ्याची सेवा करून घेणारा मी! तिची बोटं पाठीवरून फिरायची तेव्हा वाटायचं, खरंच एकदा बिघडून जावं.

सुमेधाताई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "अहो, मी ताईला तास तास फोन करते तेव्हा बरी जात नाही तुमची लाईन!"

"ते वेगळं असतं," सर म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला.

महिने गेले तरी त्या मंडळींच्या हारजितीच्या तक्त्यात देवदत्त सरांच्या नावापुढे एकही हार लागली नाही. भास्करकाकांच्या नावापुढे हारींची रांग लागली. शाळेत ही बातमी पोचली. संमेलनात सरांना मुलांपुढे बोलायला उभं केलं, विषय दिला 'हार पचवायला शिका'. सरांनी घरी आरशासमोर भाषणाची तयारी केली. शेजारच्या टेबलावर मी होतो, ऐकण्यावाचून इलाज नव्हता. भाषण चांगलं होतं हो. टाळ्याही खूप पडल्या, असं मनू सांगत होती.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सगळ्यांत मोठी लढत ठरली, त्या वर्षीच्या स्पर्धेची शेवटची. समोर डोंबिवलीला स्थायिक झालेले दोन भाऊ. सकाळी घरात हत्यारांची पूजा मांडली होती. कोयता, विळी, सरांचा कंपासबॉक्स, आणि या वर्षी पाटावर मीही. मनूने मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. म्हणाली, "बाबांचं शस्त्र आहे हे." सरांनी त्या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही ती माळ नकोशी झाली होती. कोयता खरा राबलेला, विळी खरी राबलेली, आणि त्यांच्या पंक्तीला मी खोट्याचा साक्षीदार!

नारळ फोडताना सरांच्या हातातून कोयता सटकला आणि तो सावरायला जाताना उजव्या हाताच्या अंगठ्यात चांगलाच शिरला. पट्टी बांधून झाली, पण आता खेळणार कसं? "मी बसते," मनू म्हणाली. सर विचारात पडले. लढत सरांच्या नावावर होती. शेवटी ते म्हणाले, "बस. मी मागे उभा आहेच."

जेवणं झाल्यावर मी जोडणी करून दिली. भास्करकाकांचं गाऱ्हाणं आलं. नेहमीचं होतं, पण शेवटी त्यांनी एक ओळ नवीन घातली होती, "आणि कोणी कोणास रणात एकटा टाकून जाऊ नये रे म्हाराजा!"

मनूने दोन्ही हातांनी टाईप केलं, "व्हय म्हाराजा!" मागे सर नुसतेच खाकरले.

पोरगी काय खेळली! भास्करकाका पुलाजवळ उघड्यावर थांबले. मनू पऱ्यातून गेली, इंजिन बंद करून तिने कान दिला, मग पहिल्या भावाचा पट्टा तोडला आणि कुशीत गोळा घातला. तो जळाला. गोळा मारून तिने जागाही सोडली. पण दुसरा भाऊ तयारीचा होता. तो दुसऱ्या काठाला दबा धरून बसला होता आणि त्याने मनूचा पट्टा उडवला. मनू जागेवर अडकली. त्याची तोफ तिच्याकडे वळायला लागली. पुलाजवळ भास्करकाका अजून उघड्यावर होते आणि मनू गेली असती तर पुढचा गोळा त्यांनाच होता.

सर वाकले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मनू, वायर काढ."

मनूला आधी कळलंच नाही. तिने मागे वळून पाहिलं. सरांचा डावा हात माझ्या पाठीकडे येत होता, सवयीने, न चाचपडता. तो हात तिने पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. इतक्या रविवारांचा हिशोब त्या एका क्षणात तिला लागला असावा.

"बाबा," ती म्हणाली, "काका उघड्यावर आहेत."

एवढंच बोलून ती परत पडद्याकडे वळली. सरांचा हात तिथेच राहिला. तो ना पुढे आला ना मागे गेला. मनूची तोफ चालत होती, तिने शत्रूचं तोंड आपल्याकडेच राहील असे गोळे मारले, म्हणजे काकांना पुलाआड जायला वेळ मिळावा. काका आडोशाला पोचले आणि मग मनूचा रणगाडा पेटला. काकांनी एकट्याने बराच लढा दिला, पण तेही हरले. तक्त्यात सरांच्या नावापुढे पहिली हार लागली. माझे दिवे लागलेले होते, एकही विझला नव्हता.

मनूने जोडणी बंद केली, वायर फोनला लावली. लगेच फोन वाजला. सरांनी मान हलवली आणि हाताने खूण केली, मी घरात नाही म्हणून सांग.

मनूने फोन उचलला. "हो काका... हरलो... हो, मीच खेळले." मग ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाबा इथेच आहेत. देते हं." आणि तिने रिसीव्हर सरांपुढे धरला.

सरांनी तो घेतला. ते माझ्या अगदी शेजारी उभे होते, त्यामुळे या वेळी मला पलीकडचंही ऐकू आलं.

"देवा," भास्करकाका म्हणाले, "आज टिकली रे तुमच्या घरची लाईन."

"भास्कर, ती कधीच गेली नव्हती."

"माहीत आहे मेल्या. ज्याचं नेट तुटतं तो परत जोडायला बघतो, त्याचा फोन तासभर लागत नाही. तुझा पहिल्या घंटेला लागायचा. तू फोन धरूनच बसलेला असायचास."

"मग बोलला का नाहीस?"

"आठवीपासून एका बाकावर बसलोय आपण. तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो."

सर खाली बसले. पट्टी बांधलेला हात त्यांनी डोळ्यांवर धरला. मनू स्वयंपाकघरात निघून गेली, ती त्या दिवशी सरांशी बोलली नाही. ताईंनी विचारलं तेव्हाही तिने सांगितलं नाही. सरांनीच सांगितलं.

त्यानंतरही ते रविवारी खेळत, आणि पुष्कळदा हरत. मनू शेजारच्या खुर्चीत परत येऊन बसली, पण त्याला दिवाळीपर्यंत वेळ लागला. मधल्या रविवारी ती खुर्ची रिकामी असायची आणि सरांचं लक्ष सारखं तिच्याकडे जायचं.

पुढे ब्रॉडबँडची डबी आली. ती ओरडत नाही, फोनही अडवत नाही. मला बिस्किटांच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. वर वाळवी आहे, दमटपणा आहे, माझे दिवे आता लागतील असं वाटत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या पाठीतली टेलिफोनची ती वायर मात्र सरांनी डब्यात ठेवतानाही काढली नाही, मुद्दाम तशीच राहू दिली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांवरची धूळ पुसा, त्यांना पावसापासून जपा, ते तर कराच. पण खेळात हरलात, गृहपाठ राहिला, कुणाला दिलेला शब्द मोडला, तर तसं सरळ सांगा. आमच्यावर ढकलू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.