एडक्यासमोर उभी केलेली गाडी

हरणी घोडी देवगाव फाट्यावर गेली, भर दुपारी. टिप्परनं तिला मागून उडवलं आणि न थांबता निघून गेला. घोडीच्या पाठीवर दोन्ही अंगाला सुतळीच्या जाळ्या होत्या, जाळ्यांत नुकती जन्मलेली कोकरं. डाव्या जाळीतली जागीच चिरडली. उजव्या जाळीतली तिच्या अंगाखाली दबली होती. आदिनाथ ओढून काढेपर्यंत एकेक करून गप्प झाली. हरणीचे मागचे पाय मोडले होते, पण पुढचे पडल्या जागी चालतच होते, जसा काही पुढचा मुक्काम तिला दिसतोय. दत्तरावानं डोक्याचा पटका सोडून तिच्या डोळ्यांवर टाकला आणि रस्त्याकडेचा धोंडा उचलला.

तेव्हापासून दत्तराव मेंढपाळाच्या बिऱ्हाडाला घोडी नव्हती. दर मुक्कामाला कोकरं त्याच्या बायकोच्या, कासाबाईच्या डोईवरच्या पाटीत, नाहीतर तिच्या लेकाच्या, आदिनाथच्या खांद्यावर.

चुडाव्याला बन्सीधर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात ज्वारी निघाली होती. त्यानं मेंढरं खताला बसवून घेतली. आणि त्याच्याच आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, आदिनाथला ती दिसली.

इटलीची फटफटी. जुनी, उंच, धुळीनं माखलेली. इंजिनाची दोन डोकी टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर निघालेली, एडक्याला शिंगं असावीत तशी. मागं दोन्ही अंगाला पत्र्याच्या मोठाल्या पेट्या. बन्सीधरच्या धाकट्या भावानं ती पुण्यात जुनीच घेतली होती. तिच्यावर बसून हिमालय बघून आला, मग परदेशी गेला आणि गाडी इथं राहिली. आदिनाथ दोन वर्षं पूर्णेच्या एका गॅरेजात राबलेला. त्यानं बॅटरी बदलली, टाकीतलं कुजकं पेट्रोल काढलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी खाकरली.

तिला एक खोड होती. जागेवर उभी असताना रेस दिली की ती अख्खी उजवीकडं झुके. खांदा टाके.

"साखळीच न्हाई हिला, आबा," आदिनाथ म्हणाला. "आतून दांडा फिरतो. काळ्या रानात चिखलानं जाम व्हायचं काही कामच न्हाई. अन् ह्या पेट्या बघा. हरणीच्या जाळ्याच समजा."

"मोडली तर?"

"मी हाय की."

"अन् सामान? पूर्णेत मिळतंय का परभणीत?"

"मागवायचं."

"कुठून?"

आदिनाथ जरा हळू बोलला. "इटलीतून."

"म्हंजी कोकरं रस्त्यावर, तू गाडीखाली, अन् नट जहाजात," दत्तराव म्हणाला. कासाबाईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला.

बन्सीधर खाटेवर बसून ऐकत होता. "पैसा कोण मागायलंय दत्तराव? सुलतान द्या, गाडी घेऊन जा."

हसू तिथंच मेलं. सुलतान म्हणजे घरचा एडका. काळाभोर, छातीला रुंद, गळ्यात घागरमाळ. त्याच्या मागं अख्खा कळप चाले. कासाबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, आणि त्याच्यावर ओवी बांधली होती:

*एडका माझा काळा, शिंगं फिरली दोन फेरी*
*धडक देतो बाई, धूळ उडते येशीवरी*

बन्सीधरला टकरींचा नाद. त्याचा मागचा एडका कवटी फुटून मैदानातच गेला होता. "पाणीसुद्धा मागितलं न्हाई पठ्ठ्यानं," असं तो कौतुकानं सांगे.

"द्या की आबा," आदिनाथ बोलून गेला. "एडका दुसरा व्हईल. घोडी कुठून आणायची?"

दत्तरावाची काठी त्याच्या पाठीवर बसली. दुसरी उठली ती आदिनाथनं वरच्यावर धरली. बाप आणि लेक एकाच काठीला लोंबकळले, दात खाऊन, एकमेकांच्या श्वासाचा वास येईल इतके जवळ. बाप ओढी, लेक सोडीना. कासाबाई मधे घुसली आणि कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. ती तळहातावर रक्त थुंकली आणि तो तळहात दोघांपुढं धरला.

"बघा. कोणाचं हाय ते वळखा."

काठी सुटली.

मग दत्तराव म्हणाला, "आपल्यात रीत हाय. कळपात नवं जितराब आणायचं तर आधी घरच्या एडक्याम्होरं उभं करायचं. पाय काढला तर परत. उभं ऱ्हायलं तर आपलं. हरणीलाबी केलं व्हतं. हिलाबी करू."

"गाडीला?" बन्सीधर खिदळला.

"गाडीलाच."

दत्तरावाच्या मनात काय होतं ते कासाबाईला कळलं. सुलतान येणार, लोखंड हुंगणार, पाठ फिरवणार. मग बाप म्हणणार, बघ, त्यानं जितराब म्हणून वळखलंच न्हाई. आणि विषय मिटणार. आदिनाथलाही ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धसकटांच्या रानात उभी केली. आदिनाथ तिच्यावर बसला, दोन्ही पाय जमिनीत रोवून. दत्तरावानं सुलतानला सोडलं. सुलतान आला. पुढचं चाक हुंगलं, नाक फेंदारलं, आणि खरोखरच मान वळवली.

तेव्हा आदिनाथनं किल्ली फिरवली. ती जिवंत वाटावी एवढंच त्याला हवं होतं. त्यानं रेस दिली आणि गाडीनं उजवा खांदा टाकला.

एडके टकरीआधी असाच खांदा टाकतात. हे आदिनाथला पाळण्यापासून ठाऊक होतं, आणि त्या घडीला ते तो विसरला. सुलतान थबकला. मागं मागं सरकत गेला, डोळे गाडीवरून न काढता, पार बांधाला टेकेपर्यंत.

"किल्ली काढ!" दत्तराव ओरडला.

सुलतान सुटला. घागरमाळ एकदाच खणाणली आणि मग नुसता आवाज झाला, विळ्यावर घण पडावा तसा. इंजिनापुढच्या लोखंडी नळीवर धडक बसली होती. आदिनाथचे पाय घसरले, गाडी कलली, त्यानं मांड्यांनी ती पुन्हा सरळ केली. पडली नव्हती. उभी होती! बन्सीधर खाटेवर उभा राहून ओरडत होता, "वा रे सुलतान! हाण!"

"किल्ली काढ, मुडद्या, किल्ली!"

हात किल्लीपाशी होता. आदिनाथनं ती काढली नाही. एकदाच, अजून एकदाच, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एकदा उभी राहिली की आबा नाही म्हणूच शकणार नाही. आणि मूठ घट्ट धरायला गेला तशी रेस वाढली, गाडीनं पुन्हा खांदा टाकला.

सुलतानच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं होतं. तरी तो मागं सरकला. दत्तराव आडवा पळाला, शिंगाला हात घातला. एडक्यानं त्याला गवताच्या पेंढीसारखा फेकला आणि तसाच पुढं आला. या वेळी आवाज वेगळा आला. आत काहीतरी मोडल्याचा, ओल्या फांदीचा.

गाडी बंद पडली. उभीच होती.

सुलतान तिच्या चाकापाशी पडला. मान नको तिकडं वळलेली. डोळा जिवंत होता, आणि तो कासाबाईला शोधत होता. ती धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळाचं रक्त पदरानं पुसत राहिली. "माज्या राजा. माज्या काळ्या राजा."

दत्तराव बरगडी धरून उठला. कमरेची सुरी काढली.

"पाय धर," तो लेकाला म्हणाला.

आदिनाथनं पाय धरले. ते पाय थंड होईपर्यंत बापानं त्याला सोडू दिले नाहीत.

नंतर त्यानं पडलेली काठी उचलली आणि दोन्ही हातांनी बापापुढं धरली. दत्तरावानं काठीकडं बघितलं, लेकाकडं नाही.

"नको ती गाडी, आबा. फोडून टाकतो."

"काऊन? पाय काढला का तिनं?"

"आबा..."

"उभी ऱ्हायली. रीत हाय. आता ती आपली."

बन्सीधर जवळ आला होता. त्याचा आवाज उतरला होता, पण हिशेब उतरला नव्हता. "पण दत्तराव, सौदा तर जित्या एडक्याचा व्हता. आता मटन..."

दत्तराव वळला. सुरी अजून हातात होती, मनगटापर्यंत लाल.

"सुलतान मागितला व्हता ना तुमी? दिला. तुमच्याच बांधाला गाडतो. तुमचाच झाला. किल्ली गाडीलाच हाय, कागदं आणा."

बन्सीधरनं कागद आणून दिले. हात पुढं न करता, खाटेवर ठेवून.

खड्डा बाप-लेकांनी खांदला. काळी माती वाळून दगड झालेली, पहारीनं ठिणग्या उडत होत्या. 

उन्हं कलायच्या आधी बिऱ्हाड हलवायला घेतलं. कोकरं पेट्यांत घातली. त्यांतली निम्मी सुलतानची होती, काळी. झाकणं उघडीच ठेवली. पण कळप हलेना. मेंढरं एकमेकांत तोंडं खुपसून उभी राहिली. दत्तरावानं शीळ घातली, काठी आपटली. पुढं व्हायला कुणी नव्हतं.

तेव्हा त्यानं घागरमाळ आणली. तिच्या चामड्यावर रक्त वाळलेलं होतं. ती त्यानं गाडीच्या हँडलला गुंडाळली आणि एवढ्या जोरानं गाठ आवळली, की आदिनाथचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला.

"तू म्होरं हो," दत्तराव म्हणाला. "आता तूच."

आदिनाथनं गाडी सुरू केली. गाडीनं खांदा टाकला, आणि अख्खा कळप दचकून मागं सरला. त्यानं रेस सोडली, हँडल दोन्ही हातांनी दाबून धरलं, पाय जमिनीला लावत पहिल्या गिअरात ती हळूच पुढं काढली. घागरमाळ वाजली. एक मेंढी निघाली, मग दुसरी.

हिमालय चढून आलेली गाडी मेंढरांच्या चालीनं रस्त्याला लागली. जरा कुठं रेस वाढली की कळप थांबे, आणि आदिनाथला ओल्या फांदीचा तो आवाज ऐकू येई. म्हणून तो वाढवत नव्हता.

मागून कासाबाईनं फाटक्या ओठांनी ओवीची पहिली ओळ धरली. *एडका माझा काळा.* पुढची तिला म्हणवेना. तिनं पुन्हा पहिलीच धरली.