पान एकशेबारावरचा शब्द

मी खिशात मावणारा मराठी-इंग्रजी शब्दकोश. बोलतोय खरा, पण मान खाली घालून.

शहात्तर साली सोलापूरच्या नव्या पेठेत धर्मपालनं मला जुन्या पुस्तकांतून उचललं. त्याची आई नागूबाई विड्या वळायची. पोरगं बँकेत चिकटावं, एवढा एकच ध्यास तिला.

मुलाखतीत घरच्यांबद्दल विचारतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्यानं 'गरीब' शब्द काढला. मी तिथं चार इंग्रजी शब्द एका ओळीत बसवले होते, कोणता कुठं शोभतो ते न सांगता. 'पुअर' तर गल्लीतल्या पोरांनाही येतो! त्यानं सगळ्यांत वजनदार उचलला.

मुलाखतीला मी त्याच्या खिशातच होतो. तो ऐटीत म्हणाला, "माय मदर इज अ मिझरेबल वुमन."

म्हणजे, जिची नुसती कीव यावी अशी बाई! दोघे साहेब खो खो हसले. तिसरे हळूच म्हणाले, "अहो, आईला असं म्हणतात का?" नोकरी तिथंच गेली. मला वाटलं, खिसा फाटावा आणि मी गटारात पडावं.

बाहेर नागूबाई कामाचा खाडा करून, भाकरी घेऊन बसलेली.

"आत सायेब का हसले रं?"

खोटं सांगता आलं असतं. त्यानं खरं सांगितलं.

"मी कुटं केविलवाणी हाय? दिवसाला हजार विड्या वळते की!" ती भडकली. मग घरी गेल्यावर तिनं विडीची भिजवलेली पानं त्याच्या हातात दिली. "समदी हिरवीच हायेत न्हवं? पर जाड पान वळताना फाटतं. हात लावून बगावं लागतं, बाबा."

धर्मपालनं पेन्सिल घेऊन माझ्या समासात, त्या शब्दापाशी काहीतरी लिहिलं.

"काय लिवलंस?"

"ह्यो शबुद तुज्यासाटी न्हाय, आसं."

"मग माज्यासाटी कंचा?"

त्यानं मला मिटलं. "हार्डवर्किंग. कष्टाळू."

"ते मला ठावं हाय की," ती म्हणाली, पण हसली.

पुढच्या मुलाखतीला त्यानं मला घरीच ठेवलं. नोकरी लागली. मला वाईट वाटलं नाही, लाजच वाटली.

आता माझी शिवण उसवलीय. मला कुणी उघडलंच, तर पान एकशेबारावर जरा थांबा. तिथं पेन्सिलीनं लिहिलंय, 'आईला म्हणू नये.' माझ्यात छापलेले सगळे शब्द एकीकडे; तेवढे तीन शब्द मी आधी सांगायला हवे होते.