ठोकलं म्हणजे पास

"ठोकलंत, मिस्त्री. ठोकलं म्हणजे पास, चाल गेली," पोकरचे पत्ते वाटणाऱ्या स्टोअरकीपर बाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं आपल्याच उजव्या हाताकडे परक्यासारखं पाहिलं. हातातली दोन पानं म्हणजे दोन राजे. टेबलावर उघडलेली तीन पानं किरकोळ. चाल करायची ती केवढी, एवढाच विचार चालला होता. आणि विचार करताना त्याची बोटं समोर असेल ते ठोकतात. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं त्यानं दुसरं केलं काय? पंपावर बोटाच्या सांध्यानं टकटक करायची, कान लावायचा आणि बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह, ते सांगायचं. पाठीमागे सगळे त्याला 'ठोक्या' म्हणत. त्याला हे ठाऊक नाही, असा सगळ्यांचा गोड समज होता.

"चुकून झालं असेल हो," शेजारचा म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," समोरचे इंजिनिअरसाहेब म्हणाले. वयानं मिस्त्रीच्या मुलीएवढे. तेही पास म्हणाले आणि चौथं पान फुकटात उघडलं. एक्का. साहेबांच्या हातात दुसरा एक्का होता. मिस्त्रीनं वेळेवर चाल केली असती, तर साहेबांनी तेव्हाच पानं टाकून दिली असती. आता राजांच्या भरवशावर मिस्त्री शेवटपर्यंत गेला आणि पैशांच्या जागी मांडलेल्या त्याच्या निम्म्या चकत्या साहेबांच्या ढिगात जाऊन बसल्या.

"बाबा," शेजारच्या, पाहुण्यांच्या टेबलावरून मुलगी हळूच म्हणाली, "उजवा हात खिशात घाला बघू." पोकर तिनंच त्याला शिकवला होता, सहा महिने जेवणाचं टेबल अडवून.

खात्याच्या क्लबच्या या स्पर्धेत चहाच्या सुट्टीपर्यंत टिकणाऱ्यांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर लागत आणि वर्षभर राहत. मिस्त्री गेली दोन वर्षं सुट्टीच्या आतच बाद झाला होता. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार. पुढल्या वर्षी या हॉलमध्ये बसायचा हक्कच नाही. त्यानं जिवंत केलेल्या पंपांच्या अहवालांवर सही नेहमी दुसऱ्याची. एकदा तरी आपलं नाव कुठेतरी लागावं, असं त्याला फार वाटत होतं. हाव म्हणायची तर म्हणा.

हात खिशात गेला आणि त्याच्याबरोबर डोकंही गेलं. टेबलाला सहाच माणसं. चांगल्या पानांची वाट बघत स्वस्थ बसावं, तर दर डावाला दोघांना सक्तीनं चकत्या टाकाव्या लागतात, ती पाळी भराभर फिरून येते. डावा हात बिचारा पानं टाकत राहिला. सुट्टीला दहा मिनिटं उरली, तेव्हा समोर मूठभर चकत्या होत्या.

मग अठ्ठ्यांची जोडी आली. उघडलेल्या तीन पानांत मात्र एक राणी होती, आणि साहेबांनी मोठा ढीग पुढे सरकवला.

"तुमच्या सगळ्या लागतील हं, मिस्त्री. बघा बुवा. राणी दिसतेय ना? उगाच हट्टाला पेटू नका. दहाच तर मिनिटं राहिलीत. फळा समोर दिसतोय..."

साहेब बोलतच राहिले. मिस्त्रीनं बाईंना विचारलं, "समोर चाल आलेली असताना ठोकलं, तर पास होतं का?"

"नाही. आता एक तर चकत्या भरायच्या, नाही तर पानं टाकायची."

मिस्त्रीनं खिशातून हात काढला. टक. टक. टक. आणि साहेबांच्या बोलण्याला कान लावला. गेल्याच महिन्यात साहेबांनी सगळ्या पंपांवर कंपन मोजणारी यंत्रं बसवली होती आणि म्हणाले होते, "आता तुमच्या ठोकण्याची गरज नाही, मिस्त्री." ते वाक्य त्याला फार लागलं होतं.

"भरतो," तो म्हणाला आणि होत्या नव्हत्या त्या चकत्या पुढे केल्या.

साहेबांकडे एक्का आणि दश्शी. राणी नाही, जोडीही नाही. पुढच्या दोन पानांनीही त्यांना हात दिला नाही.

"कसं काय ओळखलंत?"

"हवा धरलेला पंप जास्त आवाज करतो, साहेब. आत पाणी असलं की गुपचूप चालतो."

टेबल हसलं. साहेबांचे कान लाल झाले, पण चकत्या शिल्लक होत्या, म्हणून तेही हसले.

सुट्टीआधीच्या शेवटच्या डावात दोघंच उरले. पाळी साहेबांची. ते पानांकडे बघत राहिले आणि त्यांच्या नकळत बोटाचा सांधा टेबलावर पडला. टक.

"साहेब, ठोकलंत," बाई म्हणाल्या.

"राहू द्या, बाई," मिस्त्री म्हणाला. "विचार करतायत ते. सगळे ठोके पास नसतात."

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "नको. नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, पण आवाज मघाचा नव्हता.

मिस्त्रीनंही ठोकलं. हा ठोका मात्र पासच होता.

सुट्टी झाली. बाई खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या. "मिस्त्री, नाव पूर्ण सांगा."

"ठोक्या लिहा."

खडू थांबला. "अहो, काहीतरीच काय..."

"लिहा हो. चौतीस वर्षांत तेच तर कमावलंय."

बाईंनी लिहिलं, चांगलं ठसठशीत. मागे उभ्या असलेल्या साहेबांनी त्यांच्याकडून खडू मागून घेतला आणि पुढे आपल्या हातानं 'मिस्त्री' जोडलं.

मुलगी कप घेऊन आली. "चहा निवेल, बाबा."

"निवू दे," तो म्हणाला आणि उजवा हात खिशात न घालता फळ्यासमोर उभा राहिला.