तिथे ओरछा नाही

निशांतदादाला जर्मनीने हाकललं. व्हिसा संपला तरी पठ्ठ्या तिथेच राहिला, "रिन्यू करायचं राहूनच गेलं" म्हणे. दोन वर्षं प्रवेशबंदी. आणि नेमकं हॉलंडमध्ये भावनाताईच्या बाळाचं उष्टावण आलं. पहिला घास मामाने भरवायचा. मामा एकच, तो इथे झाशीत, नगऱ्यात गच्चीवर पापड वाळवतोय.

त्याचे बाबा, आमचे दत्तात्रेयकाका, एकदम निवांत. "जर्मनीने काढलं ना? हॉलंडने थोडंच काढलं! तो पप्पू पहलवान बघ. पोलिसांनी झाशीतून जिलाबदर केला, तडीपार. आता ओरछाला समोसे खातो. कुणी हात लावत नाही, जिल्हाच दुसरा!"

मी मोबाईलवर सगळं वाचलेलं. म्हटलं, "काका, तिथे ओरछाच नाहीये."

"म्हणजे?"

"त्या देशांनी आपसातली फाटकं काढून टाकलीत. एकात शिरलात की सगळीकडे फिरा. म्हणूनच एकाने बंदी घातली की सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नाव दिसतं. हॉलंडवाले पण व्हिसा नाही देणार."

शारदाकाकू पापड उलटता उलटता म्हणाल्या, "हे तर आपल्याच बायकांसारखं झालं. खंडेराव गेटला हळदीकुंकवात एकीने नाव ठेवलं की पार बबीना गावापर्यंत कुणी चहा विचारत नाही."

"बस, तेच!"

"मग पाय कुणाचे धरायचे?"

"जर्मनीचेच. ज्याने बंदी घातली, त्यानेच उठवायची."

दादाने अर्ज केला. नकार आला, तोही फार सभ्य भाषेत. दादा दोन दिवस जेवला नाही. मग काकूंनीच ताईला फोन लावला. "मामाला बंदी आहे ना? भाच्याला तर नाही! या इकडेच."

आले. पाटावर बाळ, समोर दादा, हातात खिरीचा चमचा. बाळाने तोंड गच्च मिटलं.

"खा ना राजा." नाही. "विमान आलं बघ, विमान!" नाहीच.

"विमानाचं नाव नको काढूस," काका म्हणाले.

दादाचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "अरे, ज्याने बंदी घातली, त्याचेच पाय धर की!"

दादाने खरंच बाळाच्या पायांवर डोकं ठेवलं. तळव्यांना दाढी टोचली. बाळ खिदळलं, तोंड उघडलं, आणि चमचा आत!

खीर गिळली. मामाचे डोळे भरले.

काका म्हणाले, "जर्मनीला पण दाढी लावून बघायची होतीस."