काळीला जोडी

लेक उत्तरा झोपली की सुकेशनीला पाऊण तास तिचा स्वतःचा मिळायचा. गेले आठ दिवस तो पाऊण तास ती भांडी तशीच ठेवून फिशटँकसमोर घालवत होती, आणि रोज उठताना तिच्या जिवाला घोर लागलेला असायचा.

टँकमध्ये दोनच मॉली होते. एक काळीकुळकुळीत म्हातारी मादी, आणि एक नारंगी नर, पाठीवर शिडासारखं पर मिरवणारा. नर काळीच्या मागं लागलेला. ती वर आली की हा वर, ती पंपाच्या मागं दडली की हा तिथंच घिरट्या घालत. काळीच्या शेपटीची झालर फाटली होती. चार दिवस तिनं दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

काळी येलदरीची. सुकेशनीचे बाबा, सिद्धोधन, तिथल्या वीजघरात ऑपरेटर होते. ती चौथीत असताना त्यांनी चार मॉली आणले, आणि मग वीस-बावीस वर्षं त्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांचीच पिलावळ नांदली. रात्रपाळी करून बाबा सकाळी घरी आले की आधी टँकसमोर स्टूल ओढायचे. चहाची बशी एका हातात, सुकेशनी मांडीवर. "बोट लावायचं न्हाई काचंला, आपण त्यांच्या दारात बसलोत," म्हणायचे. जिथं वीज तयार व्हायची तिथलीच लाईट जायची, मग पंप बंद. तेव्हा बापलेक पाळीपाळीनं मगानं उंचावरून पाणी सोडायचे, माशांना हवा मिळावी म्हणून. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझ्या फरशीवर धरण बांधायलेत का दोघं?"

गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडलं, परभणीत दोन खोल्या घेतल्या. मोठा टँक मावेना, मासे कॉलनीत वाटून टाकले. सगळ्यांत जुनी मादी तेवढी बरणीत घालून त्यांनी लेकीच्या मांडीवर ठेवली. "ही तू ने. आपल्या घरातली शेवटची हाय." येलदरीहून तिच्या घरी सेलूला, एसटीत, एका मांडीवर उत्तरा आणि दुसरीवर बरणी.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "काळी काय म्हणती?" मग नातीची चौकशी.

नर आणायचं सुचवलं ते शेजारच्या मंजुषानं. दारातून डोकावत ती म्हणाली होती, "एकटीच फिरायलीय बिचारी. जोडी लाव की तिला."

सुकेशनीला ते पटलं. नर आला आणि मारामारी सुरू झाली, तेव्हा मंजुषाच म्हणाली, "नवं नवं हाय गं. होईल सवय." सुकेशनीलाही लग्नात सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि तिचं खरंच जमलं होतं. मग तिला त्यात खोट कुठून दिसणार?

आज मात्र काळी तळाशी, खड्यांवर आडवी टेकली होती. कल्ले तेवढे हलत होते. सुकेशनीनं फोन लावला.

"बाबा, काळी खाईना झालीय."

"कवापासून?"

"चार दिवस झाले. तो मारायलाय तिला."

"तो? तो कोण आला आता?"

"जोडी लावली होती मी."

"अगं बाई, मॉलीत जोडी नसती. एका नराला तीन माद्या तरी लागतात. एकटीच घावली की दिवसभर तिच्याच मागं. तिला दम खायला उसंत मिळंना."

"मला काय माहीत! आपल्याकडं कधी भांडलेच नाहीत ते."

"भांडत होते की. रोज. पण लय होते, म्हणून एकट्यादुकट्यावर सगळा भार पडायचा न्हाई. तू बघायचीस नुसते रंग." मग आवाज खाली आला. "रडू नकोस. आधी त्याला बादलीत काढ. टँकमधलंच पाणी घे, वर जाळी टाक. आणि टँकमध्ये चिमूटभर खडेमीठ."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. परभणीहून यायचं तर रेल्वे सोयीची, पण ते उतरले येलदरीच्या वाटेवरच्या जिंतूरहून आलेल्या एसटीतून. हातात बरणी, आत तीन काळ्या माद्या.

"येलदरीला जाऊन आलात?"

"कॉलनीतल्या तात्यारावाकडं. त्याला दिल्या होत्या ना. म्हणाला, दिलेल्या लेकी कुणी परत नेतं का? म्हणलं, माहेरपणाला न्यायलोय."

सुकेशनीला हसू आलं आणि डोळेही भरले. काळी अजून तळाशीच होती. बाबांनी बाह्या सारल्या, टँकमधले दगड इकडचे तिकडं केले. "नर शेवटी सोडायचा, चार दिवसांनी. त्याला वाटलं पाहिजे, आपणच पावणे हाव." बरणी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच कलती केली.

तिघी बाहेर आल्या, एकमेकींना चिकटून फिरल्या. काळी हलली नाही. उत्तरा उठून आजोबांच्या मांडीवर येऊन बसली, बोट काचेकडं न्यायला लागली. बाबांनी ते बोट आपल्या मुठीत धरलं. चहा निवला.

नव्यातली एक मादी पंपामागच्या कोपऱ्यात शिरली. काळीचा नेहमीचा कोपरा. काळी खड्यांवरून उठली. एकदा कलंडली, सावरली, आणि फाटक्या शेपटीनिशी सरळ त्या मादीच्या अंगावर धावून गेली. एक टोचा, दुसरा टोचा. नवी पळाली.

"बाबा! ही पण मारायली!"

बाबांनी स्टूल पुढं ओढलं. "मारू दे," ते म्हणाले, "आता जगती ती. दाणे आण."