भिंगरीच्या रिकाम्या संध्याकाळी

भिंगरी हे नाव तिला आत्यानं दिलं. पोरीचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून. आई गेली आणि बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. त्यानं सहा वर्षांची पोर बहिणीच्या दारात आणून उभी केली, तेव्हा पोरीनं आधी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "तुझ्याकडे मांजर आहे?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मग मी इथे कशाला आले?"

आत्याला हसू आवरेना. त्या क्षणी ती पुरती पोरीच्या कह्यात गेली आणि पुढची सात वर्षं तशीच राहिली. आत्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. कुणी बाजारातून बल्ब आणायचा राहून गेला म्हणावं तशा सुरात ती हे सांगायची. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. मशिनींची घरघर आणि इस्त्रीच्या रोलरची वाफ. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला साबणाचा वास यायचा आणि भिंगरी तिच्या कुशीत नाक खुपसून म्हणायची, "आत्या, तू तर आज पण धुतलेली आहेस."

शाळा दुपारी सुटायची आणि आत्याची पाळी संध्याकाळी संपायची. मधला सगळा वेळ भिंगरी मुलांच्या केंद्रात असायची. केंद्र म्हणजे गल्लीच्या टोकाची एक बसकी इमारत. आत टेबल टेनिसची दोन टेबलं, पोपडे निघालेल्या भिंती, एक सोफा ज्याचे स्प्रिंग टोचायचे, आणि शिट्टीताई. गळ्यात कायम शिट्टी अडकवलेली असायची म्हणून शिट्टीताई. तिचा आवाज एवढा खणखणीत होता की शिट्टीची तिला कधी गरज पडली नाही. कुणाच्या घरी भांडण झालं, कोण उपाशी आलं, कोण कालपासून गप्प आहे, हे तिला पोरांच्या चपला काढण्यावरूनच कळायचं. भिंगरी तिथं टेबल टेनिस शिकली आणि मग शेजारच्या छोटीला शिकवू लागली. छोटी दहा वर्षांची, टेबलापेक्षा थोडीच उंच. "चेंडूकडे बघ गं, माझ्याकडे काय बघतेस!" असं भिंगरी तिच्यावर खेकसायची आणि छोटी आणखीच तिच्याकडे बघत राहायची.

मग एके दिवशी केंद्राच्या दाराला कुलूप लागलं. वर कुठेतरी कुणीतरी ठरवलं की यंदा यासाठी निधी नाही. टेबलं टेम्पोत चढवून नेली. शिट्टीताईला नोकरीवरून कमी केलं. ती पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीत काउंटरवर उभी राहू लागली. आत्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. पोर आता मोठी झाली, घरी बसून अभ्यास करेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरात बसेल ती भिंगरी कसली? थंडीचे दिवस होते. घर एका खोलीचं आणि आत्या नसताना आणखीच गार. पोरं आधी बसस्टॉपवर घुटमळू लागली, मग जिन्याखाली, मग कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानासमोर. दुकानात उजेड होता, हीटर होता आणि मोबाईलवाला कुणाला हाकलत नव्हता.

मोबाईलवाला तिशीतला, नीटनेटका, गोड बोलणारा. पोरांना फुकट चार्जिंग करू द्यायचा. भिंगरीच्या फुटक्या फोनची काच त्यानं बदलून दिली. आत्या पैसे द्यायला गेली तर म्हणाला, "आत्या, तुमच्याकडून पैसे घेऊ? मला बहिणीसारखी आहे ती." एकदा आत्या सामानाच्या पिशव्या घेऊन येत होती, तर गाडी थांबवून त्यानं तिला दारापर्यंत सोडलं. वरपर्यंत पिशव्या आणून दिल्या. आत्यानं त्याला गरम सूप प्यायला दिलं आणि बोलता बोलता आपण किती दमतो तेही सांगून टाकलं. तो म्हणाला, "तुम्ही किती दमता! भिंगरीची काळजी करू नका. माझ्या दुकानात बसून अभ्यास करत जाईल."

आत्याला बरं वाटलं. तिची काळजी घेणारं असं किती वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. धुलाईखान्यात तिनं सगळ्यांना सांगितलं, माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणून.

काही दिवसांनी ती बेकरीत पाव घ्यायला गेली, तेव्हा शिट्टीताई काउंटरमागून बाहेर आली आणि तिला दाराशी घेऊन गेली.

"मोबाईलवाल्याबद्दल बोलायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. हळू आवाजात बोलताना आत्यानं तिला पहिल्यांदाच पाहिलं. "मला काही ठाऊक नाही, आधीच सांगते. पण परवा भिंगरी त्याच्या गाडीतून उतरली. मला बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेली. एरवी रस्त्यात भेटली की गळ्यात पडणारी पोर आहे ती."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चांगल्या माणसाबद्दल असं बोलवतं कसं तुम्हाला? केंद्र बंद पडलं, आता लोकांच्या घरात डोकवायला वेळ मिळतोय वाटतं."

शिट्टीताईचा चेहरा उतरला. पण ती मागे हटली नाही. "वेळ मिळतोय खरा," ती म्हणाली. "तेच तर. आधी हे मला डोकवून बघावं लागत नव्हतं. पोरं समोर असायची."

आत्या तणतणत घरी गेली. पण ते बोलणं चपलेतल्या खड्यासारखं टोचू लागलं. ती भिंगरीकडे नव्यानं बघायला लागली. कानात नवे इअरफोन होते. "मैत्रिणीचे आहेत," म्हणाली. फोन सारखा मांडीवर पालथा. आणि सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे पोर शहाण्यासारखी वागत होती. "हो आत्या." "बरं आत्या." "जेवले मी आत्या." हातभर जीभ असलेली पोर, जिला गप्प बस म्हणून आत्याचं तोंड दुखायचं, ती परक्या घरी राहायला आल्यासारखी वागत होती. एकदा आत्यानं मुद्दामच भाजीत मीठ जास्त घातलं, म्हटलं बघू काही बोलते का. पोरीनं निमूटपणे ताट संपवलं.

रविवारी आत्याची जादा पाळी होती. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "एकटीला कंटाळा येतो." धुलाईखान्यातली मुकादमीण मूळची कडक, पण तिनं पोरीकडे एकवार बघितलं आणि म्हणाली, "मशिनीपाशी जायचं नाही. मागच्या खोलीत घड्या घाला दोघी."

मागच्या खोलीत कोरड्या चादरींचा ढीग होता. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकांना दोघी, चादर ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा लांब जायचं. आत्या मुद्दाम काही विचारत नव्हती. शिट्टीताईबद्दल बोलली, मुकादमिणीच्या नव्या दातांबद्दल बोलली. भिंगरी हसली नाही. पण चार-सहा चादरी झाल्यावर टोकं जुळवताना ती अचानक म्हणाली,

"आत्या, छोटीला त्याच्या दुकानात जाऊ देऊ नकोस."

आत्यानं हात थांबू दिले नाहीत. "का गं?"

भिंगरी मागे गेली. चादर ताणली. पुन्हा जवळ आली तेव्हा बोलली. "तो म्हणतो तिला पण घेऊन ये. मित्राच्या घरी जायचंय म्हणतो. मी म्हटलं ती लहान आहे. तर चिडला."

परत मागे. परत जवळ.

"फोटो मागतो. तुला दाखवता येणार नाहीत असे. मी नाही पाठवले. चेहऱ्याचा पाठवला फक्त. मग म्हणाला, एवढं केलं तुझ्यासाठी, तुला माझी किंमतच नाही."

चादर तिच्या हातातून सुटली. आता ती रडत होती. "आणि म्हणाला, तुला सांगितलं तर तू मला बाबांकडे ट्रकमध्ये पाठवून देशील. तू दमलीस माझ्यामुळे. तूच त्याला सांगितलंस म्हणाला, की तू किती दमतेस."

आत्यानं तिला चादरीसकट कवेत घेतलं. तिच्या मनात त्या क्षणी काय काय चाललं होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या माणसाला तिनं आपल्या हातानं सूप दिलं होतं. आपल्याच तोंडचं बोलणं त्यानं पोरीला धमकी म्हणून वापरलं होतं. पण तिनं आवाज चढू दिला नाही.

"ऐक. मी दमते ती या चादरींमुळे. तुझ्यामुळे नाही. तू घरी नसतीस तर मी घरी जायलाच कंटाळले असते. आणि यात तुझी काडीचीही चूक नाही. कळलं?"

"मी इअरफोन घेतले की पण."

"घेतलेस. मी पण त्याच्या गाडीत बसलेच की. फसवायला आलेला माणूस गोडच बोलणार."

आत्याला वाटत होतं, इथून तडक उठावं आणि त्याच्या दुकानाच्या काचा फोडाव्यात. पण ती भिंगरीला घेऊन आधी बेकरीत गेली. शिट्टीताई पावांचे ट्रे लावत होती. आत्या तिच्यासमोर उभी राहिली. माफी मागायला तिनं तोंड उघडलं. शिट्टीताईनं दोघींचे चेहरे बघितले आणि हातातले मोजे काढून ठेवले.

"त्याच्या दुकानात गेला नाहीत ना?" तिनं पहिलं हेच विचारलं. "बरं केलंत. आरडाओरडा केला असता तर त्यानं सगळं पुसून टाकलं असतं. पोरीच्या फोनमधलं काहीही पुसू नका. चला, मी येते."

बेकरीच्या मालकाला तिनं काय सांगितलं कोण जाणे. ती ॲप्रनवरच त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. तिथल्या महिला अधिकाऱ्यानं भिंगरीला खुर्ची दिली, घाई केली नाही आणि मध्येच तोडलंही नाही. भिंगरी एका हातानं आत्याचा आणि दुसऱ्या हातानं शिट्टीताईचा हात धरून बोलत होती. त्यामुळे नाक पुसायला तिला हातच उरला नव्हता. शेवटी ते काम आत्यानं केलं.

मोबाईलवाल्याला त्याच आठवड्यात धरलं. त्याच्या फोनमध्ये आणखी पोरींचे निरोप सापडले. शिट्टीताईला नावं कळली तेव्हा तिनं ती एकेक करून ओळखली. त्या सगळ्याजणी केंद्रात येणाऱ्या पोरी होत्या. त्याला पोरी शोधायला जावंच लागलं नव्हतं. केंद्राला कुलूप लागलं आणि त्या आपापल्या पायांनी त्याच्या दारात आल्या. त्या रस्त्यावर उजेड आणि बसायला जागा असलेलं दुसरं दारच उरलं नव्हतं.

घरी मात्र लगेच सगळं गोडगोड झालं नाही. भिंगरी आत्यावर रागावली. छोटीवर रागावली. एकदा तर ओरडली, "तो माझ्याशी नीट बोलायचा! इथं कोण बोलतं?" आत्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमिणीला सांगून सकाळची पाळी मागून घेतली. पहाटे उठावं लागायचं, पण शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी असायची. पहिले काही दिवस भिंगरी तिच्यापुढे ढांगा टाकत चालायची, जणू ओळखच नाही. मग बरोबरीनं चालू लागली. मग दप्तर आत्याच्या खांद्यावर टाकू लागली.

शिट्टीताई आणि आत्या केंद्रासाठी निधी देणाऱ्या कचेरीतही जाऊन आल्या. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि हात वर केले. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण कुलूप काही उघडलं नाही. शेवटी मुकादमिणीनं हॉस्पिटलमध्ये शब्द टाकला आणि जुन्या कँटीनची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाली. बेकरीतून उरलेले पाव येऊ लागले. टेबल टेनिसचं टेबल नव्हतं, जेवणाची दोन टेबलं जोडून घेतली. मधल्या फटीत चेंडू अडकला की पोरांची भांडणं व्हायची. दोन संध्याकाळी झाल्या, उरलेल्या संध्याकाळींचं काय, हे शिट्टीताई रोज विचारायची.

अशाच एका संध्याकाळी खोली बंद करून आत्या आणि भिंगरी घरी निघाल्या. बस डोळ्यांदेखत निघून गेली म्हणून चालत निघाल्या. वाटेत भिंगरीनं विचारलं,

"आत्या, तो म्हणायचा मी हुशार आहे, मला खेळातलं कळतं. ते पण खोटंच होतं का?"

आत्या थांबली. खोटं उत्तर तिला द्यायचं नव्हतं आणि खरं काय ते तिलाही नीटसं ठाऊक नव्हतं.

"त्याच्या तोंडून खोटं होतं," ती म्हणाली. "पण तू आहेस हुशार. शिट्टीताईला विचार. ती कुणाचं उगीच कौतुक करत नाही, तुला माहितीय."

"मागच्या आठवड्यात तर मला गाढव म्हणाली."

"ते पण खरंच होतं मग."

भिंगरीनं तिला कोपरानं ढोसलं. आत्यानं तिला परत ढोसलं. रस्त्याला थोडा चढ होता, आत्याला धाप लागली आणि भिंगरी तिचा हात धरून तिला ओढत वर नेऊ लागली.