पाचवी लोच

मुक्ता इंदूरहून आली ती खांद्याला बॅग आणि मांडीवर झाकणाची प्लास्टिकची बादली घेऊन. "भैया, धीरे, ब्रेक मत मारना," असं ऑटोवाल्याला सांगत ती आमच्या कॉलनीच्या फाटकातून आत शिरली. मी वरून गॅलरीतून बघत होते. सासरहून मुलगी नुसती बॅग घेऊन आली तर समजावं, दोन दिवसांसाठी आली. ती आपले मासे घेऊन आली, तेव्हा काय समजायचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खाली गेले आणि बादलीची कडी धरली. न विचारणं मला जमत नाही, त्या दिवशी जमवलं.

चहा घेताना तिनेच सांगितलं. चिन्मयची, म्हणजे आमच्या जावयाची, नोकरी काही महिन्यांपूर्वीच सुटली होती. तरी तो रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि कुठेतरी वेळ काढून संध्याकाळी परतायचा. सासूला माहीत, सासऱ्यांना माहीत, दिरालासुद्धा माहीत. फक्त हिला कुणी सांगितलं नव्हतं. का, तर हिला त्रास नको! तिला कसं कळलं ते ती बोलली नाही आणि आम्ही खोदून विचारलं नाही.

"मी सध्या बँकेत सुट्टी टाकलीय," ती म्हणाली. "उज्जैनच्या ब्रांचला बदली मागून इथेच राहावं म्हणतेय. फक्त एक सांगते, आई. ह्या घरात माझ्यापासून काही लपवायचं नाही. चांगलं असो, वाईट असो. इथेही तेच चालणार असेल तर मी एकटी खोली घेऊन राहीन."

"आमच्यावर भरोसा नाही का तुझा?" भय्यासाहेब म्हणाले. भय्यासाहेब म्हणजे माझे मिस्टर. सगळी कॉलनी त्यांना त्याच नावाने ओळखते, आणि मला राग आला की मीही तेच नाव वापरते. हल्ली मी तेच जास्त वापरते.

बादलीत पाच लोच होत्या, काचेच्या टाकीत पाळायच्या माशांची ही एक जात. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाला बारीक मिशा. चार चांगल्या वीतभर लांब, पाचवी जरा लहान. तिला मुक्ता धाकटी म्हणायची. लग्नाआधीपासून तिने त्या सांभाळल्या होत्या. आमच्याकडे दिवाणखान्यात भय्यासाहेबांची मोठी काचेची टाकी आहे आणि त्यात एकच मासा, ऑस्कर. सिक्लिड जातीचा, अंगाने दांडगा, स्वभावाने त्याहून दांडगा. त्याचं नाव सुभेदार. ह्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून होते. घराण्यात सुभेदार कुणी झालाच नाही, ती हौस माशावर भागवलेली.

"सुभेदार ह्यांना राहू देईल?" मी विचारलं.

"देईल. नीट सोडलं तर देईल," मुक्ता म्हणाली आणि बाह्या सरसावून कामाला लागली. तिने टाकीतले सगळे दगड हलवून नव्याने मांडले, म्हणजे सुभेदाराला आपली जागा कुठली तेच कळू नये. पाइपाचे तुकडे तळाशी ठेवले, लपायला. लोच तळाशी राहते आणि ऑस्कर मध्ये फिरतो, दोघांनी आपापला मजला सांभाळला तर भांडण होत नाही, असं तिचं म्हणणं. "आणि बाबा, तुम्ही पाण्यात मीठ टाकता ना, ते बंद. लोचला मीठ सोसत नाही." भय्यासाहेबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. खरं तर त्यांना धास्ती होती ती सुभेदाराची. जेवताना दहादा उठून ते टाकीपाशी जाऊन आले. सुभेदार धाकटीच्या मागे लागला होता आणि ती पाइपात घुसून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्यासाहेब नेहमीसारखे नदीवर, रामघाटावर गेले. रोज कणकेच्या गोळ्या करून ते तिथल्या माशांना घालतात, मग स्कूटरवरून पोहे-जलेबी घेऊन येतात. त्या दिवशी आले ते रिकाम्या हातांनी. पँट गुडघ्यापर्यंत ओली. सरळ स्वयंपाकघरात येऊन त्यांनी माझा चटणीचा स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला.

"हा डबा का नेला होता?" मी विचारलं.

"हळू बोल. मुक्ता झोपली आहे ना?"

मग त्यांनी सांगितलं. सकाळी उठून बघतात तर धाकटी दगडाआड आडवी पडलेली. रंग पार उडालेला, हालचाल नाही, आणि वर सुभेदार पहारा देत असलेला. ह्यांना वाटलं, मारली ह्याने. पोरगी काल आली आणि आज डोळे उघडल्या उघडल्या हे बघणार? त्यांनी डबा अलगद बुडवून पाण्यासकट तिला उचललं आणि निघाले.

आमच्या उज्जैनमध्ये काहीही संपलं की रामघाट. निर्माल्य रामघाटावर, भंगलेली तसबीर रामघाटावर, मनगटावरचा जुना धागासुद्धा रामघाटावर. दुसऱ्या गावचा माणूस असता तर त्याने मासा कुंडीत पुरला असता, किंवा निदान मुलीला हाक मारली असती. आमचे भय्यासाहेब दोन पायऱ्या पाण्यात उतरले, झेंडूचं फूल वाहिलं, डोळे मिटून हात जोडले आणि डबा उपडा केला.

"मग?"

"मग ती सळकन वळली आणि गेली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे जिवंत होती, उषा."

मला हसू आलं, मग मुक्ता आठवली. "आत्ताच्या आत्ता सांगा तिला," मी म्हटलं.

"सांगतो ना. आज नको. कालच आलीय बिचारी. उद्या सांगू."

आणि मी, जी भाजीवाल्याला एक वाळकी भेंडी सोडत नाही, ती मी बरं म्हणाले.

मुक्ता उठली आणि टाकीसमोर बसली. एक, दोन, तीन, चार. "धाकटी कुठे लपलीय?" तिला सुरुवातीला काळजी नव्हती. "आई, ह्यांचं असंच असतं. एवढ्याशा फटीत घुसून बसतात. आणि झोपतात तर अगदी आडव्या, मेल्यासारख्या. नवीन माणूस घाबरूनच जातो." ती हसत होती. भय्यासाहेब पेपरमागे गेले ते जेवणाची ताटं वाढली तेव्हाच बाहेर आले.

दुपारी तिने टॉर्च आणला. संध्याकाळी सगळे दगड बाहेर काढले, पाइपांत फुंकर मारून बघितली, फिल्टर उघडला. मग सोफा सरकवून फरशीवर शोधलं, कारण लोच कधीकधी बाहेर उडी मारते म्हणे. माझ्याकडून सोफ्याचं एक टोक उचलून घेतलं. मी उचललं! माझ्याच घरात, जे तिथे नाही हे मला ठाऊक आहे ते शोधायला, मी माझ्या दुखऱ्या कमरेने सोफा उचलला. मला स्वतःची एवढी चीड आली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन भांडी आपटली.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दूध उतू गेलं, पोह्यात मीठ दोनदा पडलं, शेजारच्या निहारिकाने हाक मारली तर मी तिच्यावरच खेकसले. रात्री पडलं की डोळा लागेना आणि दिवसा पाय एका जागी ठरेना. दिवाणखान्यातून जाताना मी टाकीकडे बघतच नव्हते. त्या लोच खाताना तोंडाने टक् टक् आवाज करतात. तो ऐकला की वाटायचं, कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही आहोत.

"आज सांगा," मी रोज म्हणायचे.

"तिचा मूड बघून सांगतो," हे रोज म्हणायचे.

आणि मग एका दुपारी ह्यांना अक्कल सुचली. मुक्ता आंघोळीला गेलेली असताना हे फ्रीगंजच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत एक लोच घेऊन आले. तेवढीच लांब, तसेच पट्टे. दुकानदार म्हणे बोलला, "साब, सगी बहन लगेगी." मी काही म्हणेपर्यंत पिशवी टाकीत रिकामी झाली होती.

मुक्ता केस पुसत बाहेर आली आणि थबकली. बाकीच्या चौघी त्या नव्या लोचला कोपऱ्यात रेटत होत्या, आणि तिचा रंग भीतीने राखाडी झाला होता. मुक्ता काचेशी वाकली.

"सापडली वाटतं," ती म्हणाली.

"बघ! मी बोललो नव्हतो?" भय्यासाहेब म्हणाले. "पाइपातच असेल कुठेतरी. फालतूचं टेन्शन घेत होतीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लपवणं एक आणि तोंडावर खोटं बोलणं वेगळं. पण मुक्ता फक्त "हो ना" म्हणाली आणि केस विंचरायला आत गेली.

भय्यासाहेबांचं संकट टळलं. ते त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. माझं मात्र वाढलं, कारण मुक्ता बदलली. बोलायची, हसायची, भाजी चिरून द्यायची, पण पाहुण्यासारखी. डबे कुठे ठेवायचे ते विचारायला लागली, जसं काही तिला माहीतच नव्हतं. बदलीच्या अर्जाचा विषय मी काढला तर म्हणाली, "बघू." मग एका सकाळी ती गॅलरीत फोनवर मैत्रिणीशी बोलताना मी ऐकलं. "नाही गं, दोन खोल्या कशाला? एकटीला पुरेल एवढी बघ. हो, इंदूरमध्येच."

मी हातातली धुण्याची बादली तिथेच ठेवली. भय्यासाहेब दिवाणखान्यात टाकीचं पाणी बदलत होते. त्यांच्या मूड बघण्यात मुलगी हातची जाणार होती. मी मुक्ताला दंडाला धरून आत आणलं, टाकीसमोर उभं केलं आणि सांगून टाकलं.

"ही तुझी धाकटी नाही. विकत आणलेली आहे."

भय्यासाहेबांच्या हातातली नळी टाकीतून निसटली आणि फरशीवर पाणी झालं. मुक्ताने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"माहीत आहे मला, आई. धाकटीचा मधला पट्टा खाली तुटलेला होता. हिचा अख्खा आहे. मी बघितल्याबरोबर ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते."

"कशाची?"

"तुम्ही सांगाल म्हणून." ती टाकीच्या काचेवर बोट फिरवत राहिली. "चिन्मयचंही मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी आमच्या बँकेत येते. तिला वाटलं मला माहीत असेल."

मी तिचा दंड सोडला. "अगं, मग इतके महिने?"

"इतके महिने मी त्याचा डबा भरत होते. रोज वाटायचं, आज सांगेल. तो उन्हात फिरत असेल म्हणून एक पोळी जास्त द्यायचे. ताकाची बाटली द्यायचे. संध्याकाळी यायचा आणि म्हणायचा, आज फार काम होतं. मी म्हणायचे, दमला असशील." तिचा आवाज जराही वाढला नव्हता. "नोकरी गेल्याचं मला काही वाटलं नव्हतं, आई. माझा पगार आहे. घर चाललं असतं. मी फक्त वाट बघत होते."

मग मुक्ताने वडिलांकडे तोंड वळवलं.

"बाबा," ती म्हणाली आणि थांबली.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तुझ्या बाबांना वाटलं की ती मेली, तुझ्यासाठीच केलं त्यांनी, मनाने वाईट नाहीत ते. आयुष्यभर ह्यांच्या वतीने मीच बोलत आले आहे. ह्यांच्या भावाशी मी बोलले, घरमालकाशी मी बोलले, मुक्ताच्या लग्नात व्याह्यांशीही मीच. तोंड उघडलं होतं. कसं मिटलं ते देवाला ठाऊक.

भय्यासाहेबांनी नळी उचलली. "फिल्टरमध्ये बहुतेक कचरा..." ते म्हणाले. मुक्ता हलली नाही. मीही हलले नाही. फरशीवरचं पाणी वाहत सोफ्याखाली गेलं. ह्यांनी नळी परत खाली ठेवली, चष्मा काढला आणि तो हातात धरून उभे राहिले.

"मीच नेली तिला," ते म्हणाले. "आडवी पडली होती. मला वाटलं, आपल्या सुभेदाराने मारली. तू रडशील म्हणून तुला उठवलं नाही. रामघाटावर सोडली. आणि ती जिवंत होती, मुक्ता. मी बघितलं तिला जाताना. घरी आलो आणि गप्प बसलो. तू सोफ्याखाली शोधत होतीस तेव्हाही गप्प बसलो. मग ती दुसरी आणली, आणि तुझ्याशी खोटं बोललो."

मुक्ता तिथेच, त्या ओल्या फरशीवर खाली बसली. आल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती वडिलांच्या गुडघ्याला धरून हुंदके देऊन रडायला लागली. भय्यासाहेब घाबरून वाकले. "अगं, मी शोधायला जातो, दुसरी घेऊन येतो, काय करू सांग," असं काहीबाही बडबडायला लागले. तिला ते ऐकू येत नव्हतं.

"एवढंच तर बोलायचं होतं," ती म्हणत होती. "आई, एवढंच तर बोलायचं होतं त्याने."